करंगळीला जागा नाही

मागच्या महिन्यात मी तीन नव्या पँट घेतल्या. तिन्ही एक साइज मोठ्या, तिन्हींना पट्टा ओवायच्या पट्ट्या जाड आणि दुहेरी शिवलेल्या. सोबत एक पट्टाही घेतला, इतका कडक की गुंडाळी करून टेबलावर ठेवला तर उलगडून ताठ होतो. नवऱ्याने ही खरेदी पाहिली आणि विचारलं, "अगं, वजन वाढलं की काय?"

वाढलं होतं. अर्ध्या किलोहून जरा जास्त, उजव्या कमरेला.

मी नवीन पिस्तूल घेतलंय. आई, हे वाचत असशील तर चहा ठेव आणि मग पुढे वाच.

आम्ही ह्यूस्टनच्या बाहेर राहतो आणि आमचं छोटंसं इंडियन ग्रोसरीचं दुकान आहे. रात्री नऊला बंद करायचं काम माझं. गल्ला मोजायचा, दिवे मालवायचे, मागच्या दाराने गाडीपर्यंत जायचं. तीन वर्षांपूर्वी एका रात्री पार्किंगमध्ये दिवे बंद करून उभी असलेली गाडी मी निघाले तशी निघाली. तीन वळणं माझ्या मागे होती, चौथ्याला सरळ निघून गेली. एवढंच. काही झालं नाही, कदाचित त्या माणसाचं घरच त्या बाजूला असेल. पण त्या रात्री स्टिअरिंगवरून हात सोडवताना बोटं आखडली होती. पिस्तूल बाळगावं की नाही यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत आणि तो वाद मी इथे काढणार नाही. नवरा अजूनही विरोधी पक्षातच आहे.

माझ्या मामांकडे बारा बोअरची बंदूक होती. परवाना, त्याचं नूतनीकरण आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करणं, हे सगळं मी लहानपणी पाहिलेलं. भारतात नाइन एमएम, म्हणजे नऊ मिलिमीटर जाडीच्या गोळीचं पिस्तूल, सामान्य माणसाला मिळतच नाही, तो प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. इथे दुकानातली सगळ्यात साधी, सगळ्यात खपणारी गोळी म्हणजे नाइन एमएम, बासमतीसारखी. अर्थात सगळ्यांनाच सगळं मिळतं असं नाही. एच-वन-बीवर होतो तेव्हा शिकारीच्या परवान्यासारखा एखादा अपवाद सोडला तर आम्हाला बंदूक घेता येतच नव्हती. ग्रीन कार्डानंतर येते.

पहिलं पिस्तूल घेताना काउंटरवर ४४७३ नंबरचा फॉर्म भरला. जन्माचा देश, वंश, कधी गुन्हा सिद्ध झालाय का, गांजा ओढता का (राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्राच्या लेखी तो बेकायदाच, अशी तंबी तिथेच छापलेली) आणि हे पिस्तूल खरंच तुम्ही स्वतःसाठी घेताय का. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे नाव पाठवतो. १९९८पासून ही पद्धत आहे. बहुतेकांना काही मिनिटांत 'प्रोसीड' येतं. माझं आलं 'डिले'. मागचा माणूस रायफल घेऊन गेलासुद्धा आणि मी रिकाम्या हाताने घरी. दोन दिवसांनी फोन आला, या घेऊन जा.

या वेळी वीस मिनिटांत काम झालं, कारण मधल्या काळात मी टेक्सासचं लायसन्स टू कॅरी काढलंय. १ सप्टेंबर २०२१पासून इथे पात्र माणसाला पिस्तूल बाळगायला लायसन्स लागत नाही, तरी मी काढलं. ते असलं की फॉर्म भरावा लागतो पण एफबीआयची तपासणी वाचते. शिवाय इतर बऱ्याच राज्यांत ते चालतं. आणि खरं सांगायचं तर ४० डॉलर फी भरून का होईना, कायदा कुणीतरी समोर बसवून शिकवलेला मला हवा होता. परीक्षेत ५० गोळ्या मारायच्या असतात, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५०पैकी १७५ गुण मिळाले की पास. पंधरा यार्डांच्या गोळ्यांबद्दल विचारू नका.

पहिलं पिस्तूल ग्लॉक १९. पंधरा गोळ्यांचं मॅगझिन (मुठीत सरकवायची गोळ्यांची डबी), चार इंची बॅरल म्हणजे नळी, हाताला भरीव. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, ते मला फार आवडायचं, अजूनही आवडतं. पण वर्षभरात ते कमरेला लावून मी बाहेर पडले असेन दहा वेळा. उरलेला काळ ते तिजोरीत. माझी उंची पाच फूट एक इंच. मोठं पिस्तूल कुर्त्याखालून असं दिसायचं जणू मी खलबत्ता घेऊन निघालेय. आणि पंजाबी ड्रेस घातला तर प्रश्नच मिटला, नाडीवर भरलेलं पिस्तूल टिकत नाही. बायकांच्या कपड्यांचा विचार या धंद्यात कुणी केलेलाच नाही. पर्समध्ये ठेव, असं तीन जणींनी सुचवलं. पण पर्स आपण दिवसातून पन्नास ठिकाणी ठेवतो. काउंटरवर, गाडीच्या सीटवर, देवळात चपलांशेजारी. ते मला पटलं नाही.

म्हणून आता हे नवं, सिग पी-३६५. हे मॉडेल २०१८मध्ये आलं तेव्हा एवढ्याशा पिस्तुलात दहा गोळ्या बसवल्या याचंच लोकांना अप्रूप होतं. तीन इंचांच्या आसपास बॅरल, जाडी जेमतेम इंचभर, रिकामं असताना अर्धा किलो. अंगठ्याने चालू-बंद करायची सेफ्टी असलेलंही मिळतं. मी बिनसेफ्टीचं घेतलं, कारण जुन्यालाही ती नव्हती. हाताला एकच सवय असावी. घाईच्या वेळी 'यात खटका आहे का त्यात' हे आठवत बसायचं नाही. जिला सेफ्टीने बरं वाटतं तिने जरूर घ्यावी, मात्र मग ती सरकवायचा सराव रोज करायचा. बिल झालं ५००च्या घरात, वर ८.२५ टक्के सेल्स टॅक्स.

दुकानात हातात घेतलं तेव्हा बाहुलीचं वाटलं. घरी आणून नीट धरलं आणि लक्षात आलं, माझी करंगळी हवेत आहे. पिस्तुलाची मूठ इतकी आखूड की तीन बोटंच बसतात, चौथं खाली लोंबतं. माझ्या हाताची ही गत, तर पुरुषांचं काय होत असेल!

रेंजवर पहिल्या दिवशी पहिल्याच गोळीला मनगट उसळलं. गोळी तीच, पिस्तूल मात्र हलकं आणि धरायला एक बोट कमी, म्हणजे धक्का जास्त. हे शास्त्र मला माहीत होतं, मनगटाला नव्हतं. सात यार्डांवर, म्हणजे आपल्या हॉलच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर फार तर, जुन्या पिस्तुलाने माझ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत जायच्या. नव्याने ताटाएवढ्या. त्याही मधोमध नाही, सगळ्या खाली आणि डावीकडे.

तिथल्या शिकवणाऱ्या बाई साठीच्या आहेत, आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंसारख्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझं मॅगझिन घेतलं, माझ्याकडे पाठ करून भरलं आणि परत दिलं. मी दोन गोळ्या मारल्या. तिसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतं टक, आणि पिस्तुलाचं तोंड माझ्या डोळ्यांदेखत खाली डुबकी मारून आलं. मध्ये एक खोटी गोळी घातली होती त्यांनी. धक्का यायच्या आधीच मी तो दाबायला जात होते, आणि गोळी सुटते तेव्हा ते दिसत नाही. "पिस्तूल काही करत नाहीये, तू करतेयस," एवढं म्हणून त्या पुढच्या लेनमध्ये गेल्या. त्यानंतर मी स्वतःच प्रत्येक मॅगझिनमध्ये दोन-तीन खोट्या गोळ्या मिसळते, न बघता.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट. प्रत्येक गोळीनंतर पितळेची रिकामी पुंगळी उजवीकडे उडते. एक शेजारच्या पार्टिशनवर आपटून थेट माझ्या गळ्यात आली, मंगळसूत्राच्या आत. फोडणीचा थेंब उडावा तसा चटका, फक्त तो सरकत खाली जातो. अशा वेळी माणूस नाचतो, आणि हातात पिस्तूल असताना नाचणं हेच खरं संकट. मी दातओठ खात पिस्तूल समोर लक्ष्याकडे धरून ठेवलं, बोट चापावरून काढलं, ते खाली ठेवलं आणि मग शर्ट झटकला. डाग अजून आहे. तेव्हापासून रेंजवर बंद गळ्याचा टी-शर्ट आणि मंगळसूत्र घरी. रेंजवरून आल्यावर गार पाण्याने साबण लावून हात धुतल्याशिवाय घरात कशाला शिवत नाही, त्या काजळीत शिसं असतं. सोवळं म्हणा हवं तर.

करंगळीवर उपाय निघाला. बारा गोळ्यांचं जरा लांब मॅगझिन मिळतं, ते लावलं की चौथं बोट टेकतं. दुकानात उभी असताना दहाचं लावते, कपड्यांत कमी दिसतं, आणि रात्री बंद करायच्या वेळी बाराचं. नव्या स्प्रिंगमध्ये शेवटची गोळी दाबताना अंगठ्याचं नख मोडलं. आता मॅगझिन भरायचं छोटं प्लास्टिकचं साधन वापरते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढायलाही पुरुषी जोर लागत नाही. डाव्या हाताने स्लाइड वरून गच्च धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

घराबाहेर न्यायच्या आधी पंधरा दिवस रिकामं पिस्तूल कमरेला लावून घरात वावरले. पोळ्या लाटल्या, वॉशिंग मशीन भरलं, गाडीत बसले-उतरले. सीटबेल्ट होल्स्टरच्या (पिस्तुलाच्या कमरेच्या म्यानाच्या) आत अडकतो, हे घरच्या ड्राइव्हवेमध्ये कळलेलं बरं. होल्स्टर कडक प्लास्टिकचा, चाप पूर्ण झाकणारा. यात काटकसर करू नये. रात्री दहा मिनिटं सराव: गोळ्या दुसऱ्या खोलीत, चेंबर (नळीच्या मागची गोळीची जागा) दोनदा तपासलेलं, तोंड विटांच्या भिंतीकडे. डाव्या हाताने कुर्ता वर उचलायचा, उजव्याने मूठ धरायची. डाव्या हाताला फारसं शिकवावं लागलं नाही, पदर सावरायची सवय आहे त्याला.

दुकानात खरी परीक्षा. वरच्या फळीवरचं लोणचं काढायला हात उंचावला की कुर्ता वर जातो. म्हणून आता मी स्टूल घेते. वीस पौंडांची आट्याची पिशवी कमरेतून वाकून उचलायची नाही, गुडघ्यात बसून उचलायची. (पाठीचं दुखणं कमी झालंय, हा वरकड फायदा.) मग एक दिवस एक काकू आल्या, नातीच्या बारशाचं आमंत्रण घेऊन. आनंदाने मला जवळ घेतलं आणि त्यांचा हात बरोबर तिथेच पडला.

"अगं, हे काय कडक?" मग आवाज खाली आणून, "इन्सुलिन पंप का? आमच्या जाऊबाईंनाही आहे. गोड बंद कर हो तू."

मी हो म्हटलं. काय करणार? बारशाला त्यांनी मला आठवणीने बिनसाखरेचा चहा दिला.

आता जी अडचण कुणी सांगत नाही ती सांगते. संडास. पट्टा सैल केला की एवढं वजन खाली ओढतं, आणि ते काढून कुठे तरी ठेवायचा मोह होतो. टाकीवर, टिश्यूच्या खोक्यावर. तिथेच लोक विसरून जातात आणि मग ते कुणाच्या तरी मुलाला सापडतं. नियम असा, की ते होल्स्टरमधून काढायचंच नाही. पँट गुडघ्यांपर्यंतच, पट्टा हाताने धरून. लिहायला लाज वाटते, पण हे वर्गात शिकवायला हवं.

आणि दारं. पूर्वी मी दुकानांची दारं बघतच नव्हते, नुसती ढकलत होते. आता थांबून वाचते. टेक्सासच्या कायद्यातल्या कलम ३०.०६ची पाटी असते, इंचभर उंचीच्या अक्षरांत, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. ती असेल तर लायसन्सवाल्याने लपवूनही आत न्यायचं नाही. बारच्या दारावर लाल अक्षरात ५१ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई तिथे बसून प्यायच्या दारूवर, तिथेही बंदी. पोस्टात नाही, शाळेत नाही. मुलाला शाळेत सोडायला जाते तेव्हा आत जायचं असलं की सीटखाली केबलने बांधलेल्या पेटीत कुलूपबंद. दिवसभर काढ-घाल जितकी कमी तितकं बरं, म्हणून शनिवारी देऊळ, वाढदिवस, बाजार असं सगळं असलं की मी ते घरीच ठेवते. नवरा म्हणतो, मग काय उपयोग? त्याला उत्तर नाही माझ्याकडे, पण तो विरोधी पक्षात आहे हे वर सांगितलंच.

मुलगा अकरा वर्षांचा. घरात पिस्तूल एकतर माझ्या अंगावर, नाहीतर तिजोरीत. तिसरी जागा नाही, पाच मिनिटांपुरतीसुद्धा. त्याला मी ते उघडून, रिकामं करून दाखवलंय, कारण लपवलेल्या वस्तूचं कुतूहल मोठं असतं. मित्राकडे दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं. आणि तो कुणाकडे राहायला जाणार असला तर मी फोन करून सरळ विचारते, तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात असते का. पहिल्यांदा विचारताना जीभ जड झाली होती. समोरची आई म्हणाली, बरं झालं विचारलंत, मलाही तुम्हाला विचारायचं होतं.

डिसेंबरात आम्ही कराडला येतोय. इथून निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत विसरलेली एक गोळी भारतातल्या विमानतळावर सापडली आणि आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल झाला, अशी बातमी अधूनमधून येतेच. म्हणून रेंजची बॅग वेगळी आहे, लाल, आणि ती गॅरेजमधून घरात येतच नाही. तरीही काल सामान भरताना सगळ्या बॅगा उलट्या करून झटकल्या, कप्प्यांत बोटं फिरवली. काही नाही. मग विमानात घालायचं टोपीचं जॅकेट घडी करायला घेतलं आणि टोपीतून काहीतरी टण्णकन फरशीवर पडलं.

पितळेची पुंगळी. मुलाने उचलून दिव्याखाली धरली आणि मागचा शिक्का वाचून दाखवला. मी ती गॅरेजमधल्या डब्यात टाकली आणि वर येऊन सगळ्या बॅगा पुन्हा उलट्या केल्या.