शिणाण्यांमधलं कॅडमियम मोजताना

शिणाण्यांमधलं (खडकाला चिकटून वाढणाऱ्या, खाण्याच्या शिंपल्यांमधलं) कॅडमियम, शिसं मोजायचं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष यंत्राकडे लागतं. माझ्या अनुभवात आकडा त्याच्या कितीतरी आधी बिघडतो, आणि बहुतेक वेळा पोटातल्या गाळामुळे.

पाण्यात विरघळलेला धातू कल्ल्यांवाटे थेट अंगात शिरतो. गाळकणांना चिकटलेला पोटात जातो आणि त्यातला थोडाच अंगी लागतो. खडकावरून काढून लगेच कापलं तर मांसाबरोबर तो चिखलही मोजला जातो. शिसं आणि लोखंड तर हमखास फुगून येतं. म्हणून मी त्याच जागच्या गाळलेल्या पाण्यात शिणाणे २४ तास ठेवतो, तेही प्लॅस्टिकच्या जाळीवर, तळापासून उचलून. तळाशी ठेवले तर स्वतःचीच विष्ठा पुन्हा गाळून घेतात. १२ तासांनी पाणी बदलायचं. दोन-चार दिवस मात्र ठेवू नये, अंगातला धातूही सुटायला लागतो.

आकार सारखा हवा, ५ ते ६ सेंटीमीटर, आणि एका ठिकाणचे २० ते २५ एकत्र. अंडी-शुक्राणू सोडून झाल्यावर मांस घटतं, धातू तेवढाच राहतो आणि आकडा उगाच वाढलेला दिसतो. खाडीत पावसाळ्याचा वेगळाच घोळ. समुद्रात बहुतांश कॅडमियम मिठातल्या क्लोराइडला बांधलेलं असतं. पाणी गोडसर झालं की मोकळं कॅडमियम वाढतं आणि कल्ले ते जास्त ओढतात. त्यामुळे खारटपणा न नोंदवता घेतलेला नमुना मी वापरत नाही.

सोलायला सिरॅमिकची सुरी, कारण स्टीलमधून क्रोमियम आणि निकेल येतं. भांडी आदल्या रात्री १० टक्के नायट्रिक आम्लात. मांस ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं. पारा मोजायचा असेल तर गोठवून वाळवावं, उष्णतेने तो उडतो. मग ०.५ ग्रॅम पूड, ७ मिलि नायट्रिक आम्ल, २ मिलि हायड्रोजन पेरॉक्साइड. झाकण न लावता अर्धा तास फेस बसू द्यायचा आणि मगच मायक्रोवेव्ह पाचकात, म्हणजे बंद भांड्यात तापवून पूड आम्लात विरघळवणाऱ्या यंत्रात. ही घाई केली तर आत दाब भसकन चढतो.

प्रत्येक खेपेत एक कोरा नमुना (मांसाशिवाय, नुसती रसायनं) आणि धातूचं प्रमाण आधीच ठाऊक असलेली एक प्रमाणित शिंपल्याची पूड लावतो. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या २९७६ क्रमांकाच्या पुडीत किलोमागे ०.८२ मिलिग्रॅम कॅडमियम आहे. तेवढं आलं नाही तर खेप बाद. आयसीपी-एमएसवर (अणू वस्तुमानावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर) आर्सेनिक पाहताना उरलेलं मीठ फसवतं: यंत्रातला आरगॉन आणि मिठातलं क्लोरीन जोडून नेमकं आर्सेनिकचंच ७५ वस्तुमान होतं, म्हणून ही जोडी अडवायला हेलियम वायू चालू ठेवावा.

जस्तासाठी मात्र कालवं घ्या. शिणाणे जस्त बऱ्यापैकी आटोक्यात ठेवतात, कालवं साठवत जातात.

शेवटी, हा आकडा सुक्या वजनावरचा असतो. युरोपची कॅडमियमची मर्यादा, किलोमागे १ मिलिग्रॅम, ओल्या मांसाची आहे. मांसात साधारण ८० टक्के पाणी, म्हणजे सुका आकडा ५ ने भागावा. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक नमुन्याचं पाणी स्वतः मोजावं.