रामबुआई ते रेमना

मिझोरमच्या लेंगपुई विमानतळावर इनर लाइन परमिट हातात पडलं तेव्हा मनात आलंच, आपल्याच देशात शिरायला परवाना कशाला? राजधानी ऐझॉलमध्ये चार दिवस राहिले आणि तो प्रश्न मी मागे घेतला.

जिच्या घरी उतरले त्या आजींना सगळे 'पी' म्हणत. थिंगपुई, म्हणजे चहा, ओतता ओतता त्यांनी बांबूपासून सुरुवात केली. नात हिंदीत सांगत होती. 1959 मध्ये बांबू फुलला, बियांवर उंदीर माजले, मग शेतं आणि कोठारं फस्त झाली. हा 'माउताम'. हा भाग तेव्हा आसामात होता; आसाम सरकारची मदत तोकडी पडली. दुष्काळात धान्य पोचवणाऱ्या लालडेंगांच्या संघटनेतूनच मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली आणि 1 मार्च 1966 ला तिने स्वातंत्र्य जाहीर केलं. 5 मार्चला हवाई दलाची विमानं ऐझॉलवर आली. आपल्या विमानांनी आपल्याच गावावर आग ओतली, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

पींच्या मनात मात्र विमानांपेक्षा 'खॉखॉम' रुतून बसलंय. 1967 पासून लष्कराने गावंच्या गावं उठवून रस्त्याकाठच्या पहाऱ्यातल्या वस्त्यांत कोंबली. मागे राहिलेली घरं जाळली. झूमची, म्हणजे फिरत्या शेतीची, शेतं लांब पडली, वर संचारबंदी. या सगळ्या वर्षांना इथे एकच शब्द आहे: रामबुआई, म्हणजे अशांत मुलूख.

30 जून 1986 ला केंद्र सरकार आणि मिझो नॅशनल फ्रंटमध्ये करार झाला. ही 'रेमना', म्हणजे शांतता. लाल थनहॉला यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि त्या खुर्चीवर लालडेंगा बसले. कालपर्यंतच्या बंडखोरासाठी आपली खुर्ची सोडायची, केवढी मोठी गोष्ट! 20 फेब्रुवारी 1987 ला राज्य मिळालं. कलम 371जी मुळे जमिनीची मालकी, मिझो रूढी, त्यांचे न्यायनिवाडे यांबद्दलचा संसदेचा कायदा इथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागू होत नाही. माझ्या मते शांतता टिकली ती यामुळे. बंदुकीने वीस वर्षांत जे जमलं नाही, ते जमीन ज्यांची त्यांच्या हाती ठेवल्याने जमलं.

पण मिझोरममध्ये मिझोंपेक्षा लहान समाजही आहेत. लाई, मारा, चकमांना स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत. ब्रूंना ती मिळाली नाही. 1997 मध्ये मिझोंशी झालेल्या संघर्षात हजारो ब्रू त्रिपुरात पळाले, छावण्यांत वीसहून अधिक वर्षं राहिले. 2020 च्या करारानुसार त्यांना तिथेच वसवायचं ठरलं. मी हे काढलं तेव्हा नात गप्प झाली. मग तिने पींना विचारलं. पी म्हणाल्या, "घर सुटतं तेव्हा काय होतं, ते मला विचारा."