सात सेकंदांची चिठ्ठी

२१ ऑक्टोबर २०१९, विधानसभेचं मतदान. एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी मतदान केंद्राध्यक्ष होतो. रात्र तिथल्याच वर्गात काढली, पहाटे उठून मॉक पोल, म्हणजे मतदानाआधीची यंत्राची चाचणी, घेतली. उमेदवारांच्या पोलिंग एजंटांनी आळीपाळीने बटणं दाबून पन्नास मतं टाकली. कोणाला किती दिली ते एकाने वहीत मांडलं, मग मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचा निकाल आणि प्रत्येक मताची छापील चिठ्ठी काचेमागे दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या त्याच्याशी ताडून पाहिल्या. तिन्ही आकडे जुळले. क्लिअर दाबून शून्य दाखवलं, मॉक पोलच्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारून त्या काळ्या पाकिटात बंद केल्या. विरोधी पक्षाचा पोरगा सीलवर सही करताना म्हणाला, "सर, आता शंका नाही." मला फार बरं वाटलं. या यंत्रावर माझा विश्वास बसला तो अशा पहाटेंमुळेच.

दुपारी रांग मोठी होती. सत्तरीच्या पुढचे एक बाबा मत देऊन बाहेर जायच्या ऐवजी माझ्या टेबलाशी आले.

"गुरुजी, दाबलं एक अन् काचंत दिसलं दुसरंच."

"कोणाला दिलं ते सांगू नका बाबा," मी आधी म्हणालो. खोलीत सगळे गप्प झाले.

अशा वेळी काय करायचं ते निवडणुकीच्या नियमांतल्या ४९ एमएमध्ये आहे. मतदाराने लेखी घोषणापत्र द्यायचं. मग मतदारांच्या नोंदीच्या १७ ए रजिस्टरात त्याची दुसऱ्यांदा नोंद करून, माझ्या आणि एजंटांच्या समोर त्याने एक चाचणी मत टाकायचं. चिठ्ठी खरंच चुकीची निघाली तर त्या यंत्रावरचं मतदान तिथेच थांबवायचं. बरोबर निघाली तर ते मत मतांच्या हिशेबाच्या १७ सी फॉर्ममध्ये वेगळं दाखवायचं, म्हणजे मोजणीत ते वजा होतं. पण सहीआधी मतदाराला ताकीद द्यावी लागते, की घोषणा खोटी ठरली तर तेव्हा, २०१९ मध्ये, लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम १७७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी ते वाचून दाखवलं. शक्य तितक्या हळू आवाजात वाचलं, तरी शब्द तेच होते.

"म्हंजे मशीन बरोबर निघालं तर मी आत?"

"तशी तरतूद आहे बाबा. पण तुम्हाला खात्री असेल तर घाबरू नका. मी आहे इथे."

एक एजंट म्हणाला, "घ्या ना टेस्ट, होऊन जाऊ दे." दुसऱ्याने रांगेकडे बोट दाखवलं. बाबांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं. चिठ्ठी काचेमागे सातच सेकंद दिसते. त्यांच्या डोळ्यांना नीट दिसलं असेल का, हा विचार माझ्या मनात आला आणि लगेच स्वतःचा रागही आला. न तपासताच मी त्यांना चुकीचं ठरवत होतो.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी. घरी म्हातारी एकटी हाय."

ते निघून गेले. मी दैनंदिनीत तेवढं लिहून ठेवलं.

संध्याकाळी क्लोज दाबलं. यंत्रातली एकूण मतं आणि रजिस्टरातला शेवटचा अनुक्रमांक, एकाचाही फरक नाही. एजंटांना १७ सीच्या प्रती दिल्या. एरवी हा जुळलेला आकडा पाहून माझा दिवसभराचा शीण जातो. त्या दिवशी तसं झालं नाही. किती मतं पडली ते तो आकडा सांगतो. बाबांचं मत कुठे पडलं, ते सांगत नाही. चाचणी घेतली असती तरी ती पुढच्या मताची झाली असती. त्यांच्या मताचं उत्तर फक्त त्या चिठ्ठीवर होतं.

नागरिकाने "मला असं दिसलं" म्हणावं आणि आपण त्याच्यासमोर तुरुंगाचा कागद धरावा, हे मला आजही पटत नाही. खोडसाळ तक्रारींनी मतदान बंद पाडलं जाऊ शकतं, हे मान्य आहे. पण शिक्षेच्या भीतीने खरी तक्रारही बाहेर येणार नसेल, तर यंत्र चोख आहे हे आपण कशाच्या जोरावर सांगायचं? २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून मागण्याची मुभा मात्र दिली. उमेदवाराला दिली, मतदाराला नाही.

२०१९ च्या त्या निवडणुकीची मतमोजणी २४ ऑक्टोबरला झाली. प्रत्येक मतदारसंघात पाच केंद्रं सोडत काढून निवडतात आणि तेवढ्याच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हाताने मोजतात. मोजणीला असलेल्या सहकाऱ्याला मी संध्याकाळी फोन करून विचारलं. त्या पाचांत आमचं केंद्र नव्हतं.