साठ की अडीचशे

१९९६ चा मे. कराडजवळच्या एका गावात लग्न होतं, मुहूर्त दुपारी १२ वाजून ४० मिनिटांचा. फोटोग्राफरला असा मुहूर्त नकोसाच असतो. ऊन थेट डोक्यावर, नवरदेवाच्या फेट्याखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नवरीच्या ओठांवर नथीची सावली.

माझ्याकडे तेव्हा पेंटॅक्स के-१००० कॅमेरा होता. कातडं एका कोपऱ्यात सुटलेलं, ते मी फेविकॉलने चिकटवलेलं. आठ वर्षांत एकदाही अडला नव्हता. खोड एकच, फ्लॅश लावला की शटर ६० च्या, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाच्या, वर न्यायचं नाही. आत शटरचे कापडी पडदे आडवे पळतात, १२५ वर फ्लॅश उडाला तर अर्ध्याच फ्रेमला उजेड मिळतो. एकदा रात्रीच्या रिसेप्शनला धक्क्याने डायल सरकली आणि अर्ध्या रोलमध्ये नवरी लख्ख, नवरदेव अंधारात. त्या पार्टीने उरलेले पैसे दिले नाहीत, मीही मागितले नाहीत.

उन्हात चेहऱ्यावरच्या सावल्या घालवायला फ्लॅश लावावा, तर ६० ने पुरता घोळ होतो. १०० स्पीडचा रोल, कडक ऊन, शटर ६०, म्हणजे ॲपर्चर २२; लेन्सचं भोक अगदी बारीक, आकडा मोठा तितकं भोक लहान. माझ्या व्हिविटार २८३ फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, मीटरमध्ये ३६. त्याला ॲपर्चरने, म्हणजे २२ ने, भागलं की फ्लॅशचा पल्ला दीड मीटरच्या जरा पुढे. तेवढ्यावरून जोडीचा कमरेपर्यंतचा फोटो निघतो, पायापर्यंतचा नाही. फ्लॅश लावून शटर २५० वर चालत असेल तर ॲपर्चर ११ आणि पल्ला सव्वातीन मीटर. निकॉन एफएम-२ घ्यायचं डोक्यात होतं ते एवढ्यासाठीच. त्याचं ४००० चं शटर मला काय कामाचं? लग्नात पळतंय कोण, नवरदेव?

पण पेंटॅक्सच्या लेन्स निकॉनला बसत नाहीत, त्यामुळे बॉडी बदलायची म्हणजे लेन्ससकट सगळंच आलं. दोन सीझन मी नुसताच हिशेब करत बसलो होतो. शेवटी कोल्हापूरचा मित्र म्हणाला, "उगाच डोकं खाऊ नकोस. माझा घेऊन जा एक दिवस, वापरून बघ." म्हणून त्या दिवशी गळ्यात दोन कॅमेरे होते. एफएम-२ वर ५० मिलिमीटरची लेन्स आणि फ्लॅश, के-१००० वर २८ ची, जास्त रुंद दिसणारी, फ्लॅशशिवाय.

मंगलाष्टकं संपत आली. मी निकॉन डोळ्याला लावून तयार. "सावधान" झालं, वाजंत्री सुरू, अंतरपाट खाली गेला, अक्षता उडाल्या. बटण दाबलं. दाबलंच जाईना. पुन्हा दाबलं, दगड. नवरीचे हात हार घेऊन वर गेलेले. निकॉन सोडून दिला, तो छातीवर आपटला, आणि के-१००० उचलून अंदाजानेच दोन फ्रेम मारल्या. मागून कुणीतरी म्हातारी ओरडली, "आला न्हवं का रं फोटू?" म्हटलं, "आला, आला!" घसा कोरडा पडला होता.

नंतर मांडवामागे जाऊन बघितलं तर बिघाड काहीच नव्हता. एफएम-२ चं रोल पुढे सरकवायचं लिव्हर अंगाला चिकटवून ठेवलं की उजेड मोजणारं मीटर बंद होतं आणि बटणालाही कुलूप लागतं. ते बोटभर बाहेर ओढून ठेवायचं असतं. मित्राने सांगितलं होतं म्हणे. गर्दीत ते माझ्याच पोटाला लागून आत गेलं असणार. के-१००० ला असलं कुलूपच नाही, लेन्सला टोपण लावलं की मीटर झोपलं.

जेवणावळी उठल्यावर मांडवाबाहेर, त्याच उन्हात, जोडीला उभं केलं. शटर २५०, ॲपर्चर ११, तीन मीटरवरून. नवरदेव वैतागून म्हणाला, "एवढ्या उन्हात लाइट कशाला मारताय?" मग के-१००० वर ५० ची लेन्स आणि तोच फ्लॅश लावून, ६० आणि २२ वर, तिथूनच आणखी एक काढला.

चार दिवसांनी लॅबमधून प्रिंट आले. काउंटरवरच दोन्ही शेजारी ठेवले. पेंटॅक्सच्या प्रिंटात फेट्याखाली तेच खड्डे. निकॉनच्यात डोळे दिसत होते, मुंडावळ्यांचे मणीसुद्धा मोजता आले असते. हारांचा फोटो मात्र के-१००० चा. मांडवाच्या लाल कापडातून उजेड आल्यामुळे सगळ्यांचे चेहरे कुंकवाने माखल्यासारखे. लॅबवाल्याने जमेल तेवढा रंग उतरवून दिला.

पावसाळ्यात मुंबईला बोरा बाजारात जाऊन सेकंडहँड एफएम-२ घेतला. मित्राने बजावलं होतं की १९८२ चं पहिलं मॉडेल फ्लॅशला २०० पर्यंतच जातं, तेव्हा बॉडीवरच्या नंबराआधी इंग्रजी एन असलेलाच बघ. दुकानदार के-१००० बदल्यात मागत होता. किंमत ऐकली आणि तो परत पिशवीत टाकला.

अजूनही कधी के-१००० हातात घेतला तर अंगठा आधी लिव्हर बाहेर ओढायला जातो.