पीटीआर रेकॉर्ड लावून घेताना

आमच्या पतसंस्थेचा मेल सर्व्हर आम्ही ऑफिसातच बसवला. लीज्ड लाइन होती, स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) होता, पोस्टफिक्स हे मेल पाठवणारं सॉफ्टवेअर नीट चालत होतं. पण जीमेलवाल्या सभासदांना पाठवलेले मेल फटाफट परत येऊ लागले. लॉगमध्ये कोड ५५०-५.७.२५ आणि सोबत कारण: या आयपीला पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) नाही, किंवा त्यातलं नाव फिरून याच आयपीवर येत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलच्या नियमांत ही अट सगळ्याच पाठवणाऱ्यांना आहे, त्यामुळे तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

ए (नावावरून आयपी), एमएक्स (मेल कुठे पोचवायचा), एसपीएफ (मेल कोण पाठवू शकतं) या सगळ्या नोंदींचं काम डोमेनच्या पॅनेलवर आपल्याला करता येतं. पीटीआर तिथे टाकून उपयोग नाही. आयपी २०३.०.११३.२५ असेल, तर समोरचा सर्व्हर २५.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा या नावाची चौकशी करतो, आणि तो झोन, म्हणजे नोंदींचा तो भाग, असतो आयपी ज्याच्या ब्लॉकमधला त्याच्याकडे. आमच्या बाबतीत लाइन देणाऱ्या कंपनीकडे.

त्यांच्या हेल्पलाइनवरचा मुलगा नम्र होता, पण पालुपद एकच. "सर, डोमेन आमच्याकडे नाहीये, तुमच्या डोमेनवाल्यांना सांगा." डोमेनवाल्यांनी अर्थातच आयपी आमचा नाही म्हणून हात वर केले. ही टोलवाटोलवी फोनवर संपणारी नव्हती. लेखी तक्रार टाकली (दुसऱ्या खात्यावरून, हे वेगळं सांगायला नको). त्यात आयपी, हवं असलेलं पूर्ण होस्टनेम आणि सर्किट आयडी (लाइनचा क्रमांक) दिला. खाली 'डिग -एक्स' या, आयपीवरून नाव विचारणाऱ्या कमांडचं आउटपुट जसंच्या तसं चिकटवलं. त्याच्या ऑथॉरिटी सेक्शनमध्ये, म्हणजे झोन कुणाकडे आहे ते सांगणाऱ्या भागात, त्यांच्याच नेमसर्व्हरचं नाव झळकत होतं. मग प्रकरण नेटवर्क टीमकडे गेलं आणि तिथल्या मॅडमनी फोन करून एवढंच विचारलं, "ए रेकॉर्ड केलाय ना आधी? नाहीतर पीटीआर लावूनही मेल अडकणार." पहिल्यांदाच कुणीतरी विषय जाणणारं भेटलं!

त्यांचा 'झालं' असा निरोप आला तरी माझ्याकडे डिग एनएक्सडोमेनच ('असं नाव नाही') दाखवत होतं. आमच्या रिझॉल्व्हरने (नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरने) जुनं 'नाही' कॅशमध्ये धरून ठेवलं होतं. त्यांच्या नेमसर्व्हरला थेट विचारलं तर नवं नाव बरोबर आलं. पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये मायहोस्टनेम तेच ठेवलं, म्हणजे हेलोमध्येही (समोरच्या सर्व्हरला सुरुवातीला दिलेल्या ओळखीत) तेच नाव जातं.

तरी गंमत संपली नव्हती. काही मेल जायचे, काही परत यायचे, आणि तक्रार तीच. लॉग बारकाईने पाहिला तेव्हा दिसलं की परत येणारे सगळे आयपीव्ही६ वरून, म्हणजे नव्या प्रकारच्या लांब आयपी पत्त्यावरून, निघत होते. सर्व्हरला तोही पत्ता मिळालेला होता, आणि समोरच्याकडे दोन्ही प्रकारचे पत्ते असले की पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये कधी हा, कधी तो निवडतं. त्याचा पीटीआर वेगळा, आयपी६.आर्पामध्ये, ३२ हेक्स अंक एकेक सुटा करून उलटे मांडलेला. त्यासाठी पुन्हा तक्रार टाकली आहे. तोवर आयनेट_प्रोटोकॉल्स या सेटिंगमध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवून पोस्टफिक्स रीस्टार्ट केलं, आणि सभासदांची अडकलेली विवरणपत्रं पुन्हा मेलने पाठवली. या वेळी सगळी पोचली.