स्टार्टर फिरतो, पण पिकअप चालू होत नाही

कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत) डिझेल पिकअपचा स्टार्टर जोमात फिरतोय, इंजिन मात्र पकडत नाही? आधी सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोहोचतंय, पण नीट पेटत नाही. धूरच नसेल तर बहुधा पोहोचतच नाही. मग फिल्टरवरचा हातपंप दाबा. तो कडक होत नसेल तर लाइनमध्ये हवा आहे: ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढायचा स्क्रू) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारा. फिल्टर बदलताना सील रिंग नीट बसली नाही की हे हमखास होतं.

पंप कडक, तरी धूर नाही? स्टार्टर मारताना स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आरपीएम शून्यच दिसला तर क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा) तपासा. रेल प्रेशर (त्या नळीतला डिझेलचा दाब) स्टार्टर मारताना साधारण 200 बारच्या वर जायला हवं. हाय प्रेशर पाइप मात्र कृपा करून सैल करू नका. तो फवारा कातडीत घुसतो.