तुम्ही विचारलंत म्हणून: आईकडून घेतलेली ओव्हर

‘माणसं सांभाळायला तुम्ही कुठं शिकलात?’ असं मला बरेचजण विचारतात. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा नुकतीच टीमची प्रमुख झालेली असते आणि तिला एखाद्या कोर्सचं नाव हवं असतं. कोर्स मीही केले, त्यातलं काही कामी आलं. पण खरं उत्तर द्यायचं तर एका किल्लीपासून सुरुवात करावी लागते.

आई परिचारिका होती, पुढे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर झाली. मी दहा वर्षांची असताना एकदा घराची किल्ली सापडेना. आई ड्यूटीला निघायच्या घाईत होती. किल्ली शेवटी माझ्याच हातात होती असं तिला पक्कं वाटलं आणि मावशी, मावसभावंडं, शेजारच्या काकू अशा सगळ्यांसमोर ती मला खूप बोलली. मी रडत रडत झोपले. रात्री उशिरा तिनं मला हलवून उठवलं. युनिफॉर्म अजून अंगावरच होता. ‘किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी न बघताच तुला बोलले. चुकलं माझं.’

एवढ्यावर ती थांबली नाही. सकाळी मावशीला आणि भावंडांना बसवून तिनं तेच सांगितलं, मग मला घेऊन काकूंच्या दारात गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिटलेला विषय पुन्हा कशाला काढायचा? मी तसं विचारलंही. ती म्हणाली, ‘बोलले चौघांसमोर, मग माफी कोपऱ्यात कशी मागू?’

हे वाक्य माझ्या कामाला आलं ते कितीतरी वर्षांनी. एका मीटिंगमध्ये मी एका सहकाऱ्याला उशिराबद्दल सुनावलं. संध्याकाळी पाहिलं तर त्याची फाइल दोन दिवसांपासून माझ्याच मेलमध्ये पडलेली. मी त्याला एकट्याला ‘सॉरी’चा मेसेज टाइप केला, आणि पाठवता पाठवता काकूंचं दार आठवलं. दुसऱ्या दिवशी त्याच अकरा जणांसमोर मी काय घडलं ते सांगितलं. आवाज कापत होता. पण त्याच आठवड्यात दोघंजण आपण होऊन आपापल्या चुका सांगायला आले. त्यातली एक लपून राहिली असती, तर पुढे सगळ्यांचंच महिन्याभराचं काम वाया गेलं असतं.

हे असं का होतं, ते मला एमी एडमंडसन या संशोधिकेचं काम वाचल्यावर नीट कळलं. 1990च्या दशकात त्यांनी रुग्णालयांमधल्या औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. जिथं टीम चांगली, तिथं चुका कमी, असं दिसेल ही त्यांची अपेक्षा. आकडे निघाले उलटे: चांगल्या टीममध्येच चुकांच्या नोंदी जास्त! तिथली माणसं जास्त चुकत होती असं नव्हे, ती चुका बोलून दाखवत होती. जिथं इन्चार्जची भीती होती, तिथं चुका दाबल्या जात होत्या. हा निष्कर्ष 1996 साली प्रसिद्ध झाला.

वाचताना मला आईचा वॉर्ड दिसत होता. शाळा सुटल्यावर मी कधीकधी तिथल्या ड्यूटी रूममध्ये अभ्यास करत बसायचे. एकदा एक नवी सिस्टर पांढरीफटक होऊन आत आली. एका पेशंटचं औषध तिनं शेजारच्या बेडवर दिलं होतं. आईनं आधी डॉक्टरांना बोलावलं. ते पेशंटजवळ पोचेपर्यंत ती एक शब्दही जास्त बोलली नाही. पेशंटला काही झालं नाही. मग आई रिपोर्ट लिहायला बसली. नव्या मुलीला त्या शिफ्टला एकटीला ठेवलं ही चूक आपली, असं तिनं वरच लिहिलं आणि खाली सही केली. त्या मुलीची चूकही लिहिली, झाकली नाही. फक्त क्रम तसा ठेवला. तो क्रम मी आजही वापरते. काही बिघडलं की पहिला प्रश्न स्वतःला: मी काय लावून दिलं होतं, की हे होऊ शकलं?

मुलांना सांगून किती कळतं नि बघून किती, यावर 1970 सालचा एक प्रयोग आहे, ब्रायन आणि वॉलबेक या दोघांचा. खेळात मिळालेल्या बक्षिसातलं काही इतरांना द्यावं की नाही, याबद्दल मोठ्या माणसानं मुलांसमोर एक बोलायचं आणि करायचं कधी तसंच, कधी उलट. मुलांच्या तोंडी आलं ते त्या माणसाचं बोलणं, हातून घडलं ते त्याचं करणं. दातृत्वावर छान बोलून स्वतः काहीच न देणाऱ्याकडून मुलं छान बोलायला शिकली. मला हे फार अस्वस्थ करतं, कारण प्रमुख झाल्यावर बोलायच्या संधी भरपूर मिळतात.

आता कोर्सबद्दल विचारणाऱ्यांना मी जे सहसा सांगत नाही, ते. आईचं चांगलं तेवढंच माझ्यात आलं असं नाही. ती रजा घ्यायची नाही. अंगात ताप असला तरी ड्यूटीवर जायची, मदत मागायची नाही. मला ते थोर वाटायचं आणि मीही तशीच वागू लागले. 2005 साली हॉर्नर आणि व्हाइटन यांनी एक पारदर्शक पेटी चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना उघडून दाखवली. त्यातल्या काही कृतींचा पेटी उघडण्याशी काही संबंधच नव्हता, आणि ते समोर दिसतही होतं. चिंपांझींनी त्या गाळल्या. मुलांनी मात्र त्याही जशाच्या तशा केल्या. आपण माणसं आवडत्या माणसाकडून सगळंच घेतो, नको तेही.

एक दिवस माझी सर्वांत तरुण सहकारी तापानं फणफणलेली कामावर आली. मी रागावले, घरी जा म्हणाले. ती म्हणाली, ‘पण ताई, तुम्हीही येताच की.’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. विश्रांती घ्या, असं मी त्यांना दर महिन्याला सांगत होते. ते सगळं त्यांच्या तोंडपाठ होतं.

तेव्हापासून मी ठरवून कामावरून वेळेवर उठते, आणि उठताना सगळ्यांना दिसेल असं उठते. रजाही घेते. सवय लागायला वर्ष गेलं. पहिली रजा घेतली तेव्हा आईला फोन करून सांगितलं की चार दिवस घरी आहे, सगळं त्याच मुलीवर सोपवलंय. आई गप्प झाली. मला वाटलं, तिला पटलं नसावं.

ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटबद्दल सगळं समजावून द्यायचं, त्याला ती ‘ओव्हर देणं’ म्हणायची. थोड्या वेळानं तिनं एवढंच विचारलं, ‘तिला ओव्हर नीट दिलीस ना?’